वर्गाचा फोटो समोर ठेवावा



शालान्त परीक्षेला पन्नास वा साठ वर्षे पूर्ण झाली, की जुन्या वर्गबंधूंनी एकत्र यावे, शाळेच्या त्याच पटांगणात मांडव घालून दिवसभर गप्पा माराव्यात, ही प्रथा आता लहान गावांतही रुजली आहे. महाराष्ट्रात अकरावीची जुनी मॅट्रिक १९७५च्या सुमारास जाऊन तिच्या जागी दहावी आली. त्यापूर्वी अकरावी होऊन बाहेर पडलेले विद्यार्थी आज सत्तरीत किंवा ऐंशीच्या घरात आहेत. मेळाव्याचे निमंत्रण आले, की घरात दोन प्रकारची चिंता सुरू होते. मुले-सुना प्रवासाची, पथ्याची, औषधांच्या वेळांची काळजी करतात. ज्यांना जायचे असते त्यांच्या मनात मात्र निराळेच भय असते : ‘मला कोणाचे नावच आठवले नाही तर?’

या भयाविषयी आज बोलू. ते बऱ्याच अंशी अनाठायी आहे, आणि त्याचे कारण समजून घेतले तर घरात वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही ते उपयोगी पडते.

अमेरिकेतील हायस्कुलांत शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याचे छायाचित्र व नाव असलेले स्मृतिपुस्तक छापण्याची रीत आहे. हॅरी बाहरिक या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये या पुस्तकांचा मोठा कल्पक उपयोग केला. शाळा सोडून काही महिने झालेल्यांपासून जवळजवळ पन्नास वर्षे झालेल्यांपर्यंत ३९२ जणांना त्यांनी आपापल्या वर्गाविषयी विचारले. कागद समोर न ठेवता ‘आठवतील तेवढी नावे सांगा’ म्हटले, तेव्हा पंधरा वर्षे लोटलेल्यांचे उत्तर सुमारे ६० टक्के बरोबर आले. अठ्ठेचाळीस वर्षे लोटलेल्यांचे ३० टक्क्यांवर घसरले. परंतु इतर अनोळखी चेहऱ्यांत मिसळून वर्गातील छायाचित्रे दाखवली आणि ‘यातले तुमच्या वर्गातले कोण?’ असे विचारले, तेव्हा पंधरा वर्षांनंतरही सुमारे ९० टक्के आणि अठ्ठेचाळीस वर्षांनंतरही सुमारे ७० टक्के चेहरे ओळखले गेले. नावांच्या यादीतून आपल्या वर्गातील नावे निवडण्यात तर ज्येष्ठ मंडळी याहूनही थोडी सरस ठरली.

याचा अर्थ असा, की स्मरण आणि ओळख ही दोन वेगळी कामे आहेत. स्मरणात मनाला अंधाऱ्या माळ्यावर चढून वस्तू शोधून आणावी लागते. ओळखण्यात ती वस्तू कोणीतरी उजेडात आणून हाती दिलेली असते. वयपरत्वे थकते ते मुख्यतः पहिले काम.

त्यातही शाळेचा शेवटचा काळ मनात विशेष घट्ट बसलेला असतो. उतारवयातील माणसांना आयुष्यातील प्रसंग सांगायला लावले, तर साधारण दहा ते तीस या वयातील प्रसंग अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक निघतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पहिल्यांदा घडलेल्या गोष्टींचे ते वय. शिवाय आपण कोण, हे त्याच वयात ठरत असते. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा जे अकरावीत होते, त्यांना पाण्यात गेलेली वह्या-पुस्तके आजही आठवतात. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तेव्हा सातारा-कराडकडे मॅट्रिकच्या अभ्यासासाठी पहाटे उठणारी मुले होती, त्यांना तो कंदील, ती थंडी आणि भांड्यांचा तो खडखडाट सांगण्यासाठी कोणी आठवण करून द्यावी लागत नाही. मात्र सकाळची रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, हे त्यांनाच दुपारी सांगता येत नाही. यात ढोंग नाही, हट्टही नाही. जुने टिकते आणि नवे निसटते, हा क्रम फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो याने १८८१ मध्येच नोंदवून ठेवला आहे.

आता शुश्रूषा करणाऱ्यांसाठी थोडे. वर्गाचा फोटो हाती देऊन आपण बहुधा काय करतो? बोट ठेवतो आणि विचारतो, ‘बाबा, हे कोण? सांगा पाहू!’ हेतू प्रेमाचाच असतो, पण ही तोंडी परीक्षा झाली, आणि स्मृती क्षीण होत चाललेल्या माणसाला तिच्यात वारंवार नापास करण्यासारखे दुसरे क्रौर्य नाही. त्याऐवजी आपणच म्हणावे, ‘मधले खुर्चीवरचे हेडमास्तर दिसतात. फार कडक होते म्हणे!’ एवढे बोलून थांबावे. थांबणे महत्त्वाचे, कारण उत्तर यायला वेळ लागतो. चुकीचे नाव सांगितले तर दुरुस्ती करू नये. फोटो नसेल तर हजेरीपटाचा क्रम, निमकी-दिडकीचे पाढे, दौतीतल्या शाईचा वास, शाळेच्या फाटकाबाहेर मिळणाऱ्या चिंचा-बोरांची चव यांतले काहीही चालते. डिमेन्शिया झालेली माणसेही पाढ्याची पहिली ओळ ऐकून पुढचा पाढा घडाघडा म्हणताना पुष्कळ घरांत दिसतात.

अशा स्मरणरंजनाला आता उपचाराचे रूप आले आहे. त्याच्या फायद्यांचे मोठमोठे दावे कोणी केले तर मात्र सावध राहावे. आतापर्यंतच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा पाहता मनःस्थिती, संवाद व आकलन यांत दिसलेली सुधारणा लहान आहे आणि सर्वत्र सारखीही नाही. डिमेन्शिया यामुळे बरा होत नाही. दुपारचा एक तास बरा जातो, आणि शुश्रूषा करणाऱ्या सुनेला अंथरुणावरच्या सासूबाईंमध्ये दोन वेण्या घातलेली एक मुलगी दिसते. माझ्या मते तेवढ्यासाठीही ते करावे.

एक इशारा येथेच देतो. जुना आजार असलेल्या आजी संध्याकाळी ‘शाळेची घंटा झाली, मला जाऊ दे’ म्हणू लागल्या, तर वाद न घालता ‘कुठल्या वाटेने जायचात शाळेला?’ असे विचारत त्यांच्याबरोबर चार पावले चालावे. परंतु कालपर्यंत भानावर असलेले माणूस एकदोन दिवसांत असे बोलू लागले, गुंगीत राहू लागले किंवा क्षणात भानावर, क्षणात भ्रमिष्ट असे होऊ लागले, तर त्याला म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, नवे सुरू झालेले औषध यांपैकी काहीही कारण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मेळाव्याकडे परत येऊ. बाहरिक यांच्या प्रयोगात समोर होते ते सतरा-अठराव्या वर्षीचे चेहरे. मांडवात भेटतात ते पंचाहत्तरीचे. म्हणून न ओळखल्याचे कोणी वाईट वाटून घेऊ नये. संयोजकांनी प्रत्येकाच्या छातीवर ठळक, मोठ्या अक्षरांत नावाचे बिल्ले लावावेत आणि त्यावर वर्गाच्या फोटोतला छोटा चेहराही चिकटवावा. वर्गभगिनींच्या बिल्ल्यावर माहेरचे नाव हवेच. साठ वर्षांपूर्वी हजेरीत तेच पुकारले जात होते. ध्वनिक्षेपक शक्य तितका हळू ठेवावा, कारण गोंगाटात श्रवणयंत्रही फारसे साहाय्य करत नाही. गप्पा चौघा-पाचांच्या लहान घोळक्यांत रंगतात.

दिवंगत वर्गबंधूंची नावे वाचण्याचा प्रसंग अटळ असतो. तो जेवणापूर्वी, शांतपणे, बसूनच व्हावा. रात्री घरी परतल्यावर अनेकांना झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी मन उदास असते. हे स्वाभाविक आहे. अमेरिकन वृद्धरोगतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये लिहिले, की उतारवयात मागे वळून पाहणे हे मनाचे आवश्यक काम आहे, मात्र काहींना त्यातून समाधान लाभते, तर काहींना खोल निराशा येते. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, अन्नावरची वासना गेली, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आणि निमंत्रण फाडून टाकणाऱ्यांचाही मान राखावा. शाळेची वर्षे सर्वांनाच गोड नव्हती. भर वर्गात नादारीची यादी वाचली जाताना मान खाली घातलेली मुले होती. नववीत लग्न लावून दिल्यामुळे निरोपसमारंभाच्या फोटोत नसलेल्या मुली होत्या. मॅट्रिकला दोनदा बसून मग गिरणीत लागलेले होते. ‘चला हो, मजा येईल’ असा आग्रह अशा वेळी करू नये. कधी तरी, एकांतात, ‘तुमची शाळा कशी होती?’ एवढेच विचारून ऐकत बसावे. मुलाबाळांना ही गोष्ट पन्नास वर्षांत प्रथमच ऐकायला मिळते, असे घडते.

घरात वर्गाचा फोटो असेल तर या आठवड्यातच एक काम करावे. झेरॉक्सच्या दुकानातून त्याची मोठी प्रत काढून आणावी. मूळ फोटोला हात लावू नये. प्रतीवर डावीकडून उजवीकडे, ओळीने, आकडे घालावेत आणि दुसऱ्या कागदावर त्या आकड्यांसमोर सांगितली जातील तशी नावे लिहावीत. टोपणनावे असली तर तीही. एका बैठकीत पाच-सहा चेहरे पुरेत. ज्यांची नावे सुचणार नाहीत, त्यांची जागा मोकळी ठेवावी. दोन दिवसांनी, भाजी निवडताना, ती आपोआप सांगितली जातात.