ईम गांवची मृत्युवही

इंग्रजी लिपींत या गांवाचें नांव पाहून नवखा मनुष्य तें ‘एयाम’ असें वाचील; पण गांवकरी त्यास ‘ईम’ म्हणतात. डर्बीशायर परगण्याच्या डोंगराळ भागांत वसलेलें हें खेडें तसें लहानच. आसपास चुनखडीचे कडे, शिशाच्या जुन्या खाणी आणि मेंढरांचीं कुरणें. तथापि आपल्या कुळाचा मागोवा घेणाऱ्या इंग्रज मनुष्यास येथील चर्चची दफनांची नोंद जें शिकविते, तें एखादा जाडजूड ग्रंथही शिकविणार नाहीं.

प्रथम ‘पॅरिश’ म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. एका चर्चच्या व त्याच्या धर्मोपदेशकाच्या देखरेखीखालीं असलेलें गांव व त्याच्या वाड्या मिळून एक पॅरिश होतें. इ. स. १५३८ मध्यें आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानें हुकूम काढला कीं, प्रत्येक पॅरिशमध्यें बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवलीच पाहिजे. पुढें १५९८ पासून या नोंदी चर्मपत्रावर लिहाव्या व दरसाल त्यांची नक्कल बिशपकडे धाडावी असें ठरलें. मूळ वही ओलीनें कुजली तरी बिशपाकडील नक्कल हातीं लागते, ती या नियमामुळें. आपल्याकडे त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यायांच्या वह्यांत यजमान स्वतःच्या हातानें आपला वंश लिहून ठेवी. तेथें मात्र लिहिणारा धर्मोपदेशक अथवा त्याचा कारकून. तो आळशी निघाला कीं वर्षेंच्या वर्षें कोरीं राहत!

ईमच्या नोंदींत ७ सप्टेंबर १६६५ रोजीं जॉर्ज विकर्स या शिंप्याच्या कारागिराचें दफन लिहिलें आहे. लंडनहून कापडाचा गठ्ठा आला, तो ओलसर होता म्हणून यानें विस्तवापाशीं उलगडून वाळत घातला, व त्यांतील पिसवांबरोबर प्लेग गांवांत शिरला, असें परंपरा सांगते. दोन आठवडे लोटतात न लोटतात तोंच त्याच घरचा मुलगा एडवर्ड कूपर गेला. ऑक्टोबरांत सांथ भडकली, हिंवाळ्यांत मंदावली, आणि १६६६ च्या उन्हाळ्यांत तिनें पुन्हा डोकें वर काढलें.

गांवचा रेक्टर विल्यम मॉम्पेसन हा अवघा अठ्ठावीस वर्षांचा, व गांवास नवखा. त्याच्या आधींचा उपदेशक थॉमस स्टॅनली यास राज्याचें नवें प्रार्थनापुस्तक मान्य न केल्यामुळें पद सोडावें लागलें होतें. असे हे परस्परविरुद्ध मतांचे दोघे एकत्र आले. त्यांच्या सांगण्यावरून जून १६६६ मध्यें लोकांनीं गांवाची सीमा आपण होऊन बंद केली. चर्च मिटलें, प्रार्थना ‘कक्लेट डेल्फ’ या दरींत उघड्यावर होऊं लागली, आणि आपापलीं प्रेतें ज्यानें त्यानें आपल्याच शेतांत पुरावीं असें ठरलें. चॅट्सवर्थहून डेव्हनशायरचा अर्ल धान्य धाडी. सीमेवरील दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यांत नाणीं ठेवीत, व शेजारचे लोक सामान ठेवून तीं उचलून नेत. प्लेगचा जंतु येर्सिननें शोधला तो १८९४ सालीं. त्यापूर्वीं सव्वादोनशें वर्षें हे खेडूत अंदाजानेंच चालले होते. ज्या घरांत १८९७ च्या पुण्याच्या सांथीच्या व गोऱ्या शिपायांच्या झडत्यांच्या गोष्टी अजून सांगतात, त्या घरच्या वाचकांस ‘आपण होऊन’ या शब्दांचें वजन वेगळें सांगावयास नको.

या कथेवर पुढें पुष्कळ पुटें चढलीं. १८४२ सालीं विल्यम वुड यानें गांवचा इतिहास छापला. त्यांत दंतकथा आणि नोंदी सरमिसळ झाल्या आहेत. जुनीं पुस्तकें सांगत कीं साडेतीनशें वस्तींतून सुमारें दोनशें साठ मेलीं. परंतु १६६४ च्या चूल-कराची यादी (घरांतील चुली मोजून हा कर घेत) व बाप्तिस्म्याच्या नोंदी ताडून पाहतां वस्ती त्याच्या दुपटीच्या आसपास भरते. मृतांचा आंकडा तितकाच राहतो, पण ‘गांव ओस पडलें’ हें म्हणणें टिकत नाहीं. रेक्टरनें स्वतःचीं दोन मुलें सीमा बंद होण्यापूर्वींच बाहेर पाठविलीं होतीं, हेंही स्तुतिपाठकांस अडचणीचें. माझ्या मतें त्यामुळें त्याचा मोठेपणा उणावत नाहीं. पत्नी कॅथरीन त्याच्यापाशीं राहिली आणि ऑगस्टांत गेली. तिची कबर चर्चच्या आवारांत आहे.

वंशशोधकानें येथें एका गोष्टीस जपावें. १७५२ पूर्वीं इंग्लंडांत वर्ष २५ मार्चला पालटत असे. म्हणून जानेवारी १६६६ मध्यें वारलेल्या मनुष्याची नोंद त्या काळच्या रीतीनें १६६५ खालीं पडते. हें न उमजल्यानें बाप मेल्यावर दहा महिन्यांनीं त्याचेंच लग्न लावणारे संशोधक पुष्कळ! दुसरें असें कीं, १८१३ पासून छापील नमुने येईपर्यंत दफनाच्या नोंदींत वय बहुधा नसे. तेव्हां बाप व लेक एकाच नांवाचे असले तर मेला कोण, हें इतर कागदांवरून ठरवावें लागतें.

आणि स्त्रिया? रायली नांवाच्या शेतांत हॅनकॉक कुटुंबाच्या कबरी आहेत. ऑगस्ट १६६६ मध्यें आठ दिवसांच्या आंत एलिझाबेथ हॅनकॉक हिचा नवरा व सहा मुलें गेलीं. प्रेतें ओढून नेणें, खड्डे खणणें, पुरणें, हें सारें तिनें एकटीनें केलें असें सांगतात. त्या एका महिन्यांत गांवांत पाऊणशेंहून अधिक माणसें मेलीं. मदतीस येणार तरी कोण? १ नोव्हेंबरास शेवटचा मृत्यु झाला.

तिच्या घरच्या सात जणांची नोंद वहींत सांपडते. ती स्वतः जगली, म्हणून त्या यादींत ती नाहीं. एक मुलगा शेफील्डास काम शिकत होता. पुढें ती त्याच्याकडे गेली म्हणतात. तिचें पुढें काय झालें हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें ईमची वही मिटून शेफील्डच्या वह्या उघडाव्या.