हद्द आणि उंबरठा

काम करणाऱ्या बाईला कोणता मुलूख मानवतो, याचा निवाडा हल्ली राज्याराज्यांची तुलना करून केला जातो. पण निपाणीसारख्या, जागचे न हलता मुंबई इलाख्यातून म्हैसूर राज्यात आणि पुढे कर्नाटकात गेलेल्या गावाला ही तुलना शतकभराच्या अनुभवावर घासून पाहता येते.

28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीच्या काळात स्त्री-कामगाराला विश्रांती मिळणे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असे मांडले आणि 1929 मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा झाला. बेळगाव जिल्हा तेव्हा याच इलाख्यात होता. परंतु तो कायदा कारखान्याच्या दारापर्यंतच पोचला. मांडीवर सूप घेऊन घरात विड्या वळणारी बाई त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हद्द सरकली आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेले. 1967 मध्ये महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली, 2004 मध्ये सीमावाद सर्वोच्च न्यायालयात गेला. या साऱ्या काळात गाव कोणाचे हे अहोरात्र विचारले गेले, वखारीत तंबाखूच्या धुळीत बसणारीचे काय, हे क्वचितच. दरम्यान 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरखात्याला, म्हणजे घरी बसून विड्या वळण्याच्या कामालाही, कक्षेत घेतले. पण केरळने तो राबवायला घेताच 1968 मध्ये मंगळूरच्या कारखानदाराने कण्णूरमधले काम बंद केले आणि बेकार झालेल्या कामगारांनी 1969 मध्ये दिनेश विडीची सहकारी संस्था उभी केली. भांडवलाला हद्द ओलांडणे सोपे असते. चूल, लेकरे आणि उसनवारी मागे टाकून बाईला ती ओलांडता येत नाही.

म्हणूनच निपाणीत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस प्रा. सुभाष जोशी यांच्यासोबत वखारीतल्या आणि विडी वळणाऱ्या बाया संघटित झाल्या, त्या घटनेचे मोल मोठे आहे. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या स्त्री-गटाने 1982 मध्ये माहितीपट केला. पुढे सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी दीर्घ लढ्यातून कुंभारीत गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत मिळवली. राज्ये दोन, धडा एकच: कायदा कागदावरून उठतो तो बायांच्या एकजुटीने.

आज पुन्हा तुलनेचा मोसम आहे. मार्च 2023 पासून महाराष्ट्राने एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट दिले, जूनपासून कर्नाटकाने त्यांना राज्यातल्या साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत केला. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच राज्याने मासिक पाळीसाठी वर्षाला बारा पगारी रजांचे धोरण मंजूर केले. ही पावले स्वागतार्हच आहेत. पण हजार विड्यांमागे मजुरी घेणारीने एक दिवस हात थांबवला, तर त्या दिवसाची रजा तिला कोण देणार? 1929 चा कायदा कारखान्याच्या दारात थांबला होता. उद्याचा कायदा घराच्या उंबरठ्याआत, तिच्या सुपापर्यंत पोचला नाही, तर हद्दीच्या अलीकडचा मुलूख चांगला की पलीकडचा, या वादात तिच्या वाट्याला पुन्हा धूळच येईल.