रिकाम्या ऑपरेशन थिएटरची वीज

डहाणूत १९९५ पासून ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र चालतं. कोळसा इथे जळतो, राख इथे उरते आणि वीज मुंबईच्या उपनगरांत जाते. म्हणून डहाणू-तलासरीच्या माणसाला कुणी वीज वाचवायला सांगितलं की तो चिडतो. त्याचा राग मला रास्त वाटतो. तरीही आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या ऑपरेशन थिएटरच्या विजेबद्दल आपण तरुणांनी बोललंच पाहिजे, असं माझं मत आहे.

कॅनडा, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या तीन रुग्णालयांचा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये आला. तिथे थिएटरला तेवढ्याच जागेमागे एकूण रुग्णालयापेक्षा तीन ते सहा पट ऊर्जा लागत होती. त्यातली ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा हवा खेळती आणि थंड ठेवण्यात जात होती. रात्री टेबलावर कुणी नसलं, तरी ही यंत्रणा पूर्ण जोरात चालू ठेवली तर खर्च तेवढाच होतो.

टेबलावर बाळंतीण असताना एक युनिटही वाचवू नये. बचत करायची ती रिकाम्या थिएटरमध्ये. आपल्याकडच्या ‘एनएबीएच’च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: काम नसताना ब्लोअर बंद करू नका, पण हवा बदलण्याचं प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत उतरवता येतं. अट एकच, आतला हवेचा दाब टिकला पाहिजे, म्हणजे बाहेरचे जंतू आत येत नाहीत. ब्लोअरचा वेग निम्मा केला, तर त्याला लागणारी वीज हिशेबाने जवळपास एक-अष्टमांश होते.

‘आधी ऑपरेशनं तरी होऊ द्या,’ असं कुणी म्हणेल. मुद्दा खरा आहे. तलासरीच्या पाड्यांवरचे रुग्ण आजही वलसाड, सिल्वासाची वाट धरतात. म्हणूनच वाचलेला पैसा त्याच रुग्णालयात राहावा, बॅटरी आणि सौर पॅनलवर खर्च व्हावा, म्हणजे वीज गेली तरी शस्त्रक्रिया अडणार नाही.

मोहल्ल्यात आपण रक्तदान शिबिरं भरवतो, रुग्णांसाठी धावतो. आता रुग्ण कल्याण समितीला, गरज पडली तर माहिती अधिकारात, तीन प्रश्न विचारूया: थिएटरचं वीजबिल किती? रात्री यंत्रणा कशी चालते? ऊर्जा परीक्षण शेवटचं कधी झालं?