मुलानं चमकी लावली म्हणून काय झालं?

मैत्रिणींनो, गेल्या आठवड्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. तिचा मुलगा नववीत आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्याला आणि त्याच्या मित्रांना ‘ग्लॅम रॉक’च्या थाटात गाणं बसवायचं आहे. त्यासाठी चंदेरी शर्ट, डोळ्यांत काजळ आणि गालावर चमकी हवी. वडील म्हणतात, “ही बायकी थेरं आमच्या घरात चालायची नाहीत.” मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. “मी कोणाची बाजू घेऊ? आणि हे ग्लॅम रॉक म्हणजे आहे तरी काय?” असं ती विचारते.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे पहिल्याचं आपोआप सापडेल.

१९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये रॉक संगीत फार गंभीर झालं होतं. मळक्या जीन्स घालायच्या, प्रेक्षकांकडे पाठ करून वीस-वीस मिनिटं गिटार वाजवायची, असा प्रकार. त्याला कंटाळलेल्या तरुणांनी पुन्हा तीन मिनिटांची, ठेका धरायला लावणारी गाणी आणली. ढोलासारखा दणदणीत ताल, टाळ्या, पायांचे ठोके आणि सगळ्यांना म्हणता येईल असं धृपद. १९७१ साली ‘टी. रेक्स’चा मार्क बोलन डोळ्यांखाली चमकी लावून बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ कार्यक्रमात आला आणि या प्रकाराला सुरुवात झाली, असं मानतात. तिकडे रंगीत टीव्ही नुकताच घरोघरी येऊ लागला होता, तेव्हा चमकीला भाव येणारच!

पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये डेव्हिड बोवीनं ‘झिगी स्टारडस्ट’ नावाचं सोंग घेतलं. लाल केस, रंगवलेला चेहरा, अंगाला घट्ट बसणारे चित्रविचित्र कपडे. १९७३ च्या दौऱ्यातले त्याचे पोशाख कान्साय यामामोटो या जपानी कलावंतानं केले होते, आणि त्यांत काबुकी नाटकांची छाया होती. काबुकीत बायकांची कामं पुरुषच करतात, बरं का! ‘स्लेड’ मंडळींचा गायक आरसे लावलेली टोपी घालायचा. वीतभर उंच टाचांचे बूट तर सगळेच घालत. १९७५ नंतर ही लाट ओसरली, पण तिचा थाट पुढच्या कितीतरी गायकांनी उचलला.

तुम्ही म्हणाल, हे सगळं साहेबाच्या देशातलं, आपला काय संबंध? संबंध आहे. ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारुख बलसारा. जन्म १९४६ चा, झांझिबारचा. घर पारशी. आईवडिलांनी त्याला शिकायला पाठवलं ते आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत! तिथे तो पियानो शिकला आणि १९५८ च्या सुमारास चार मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढून शाळेतच वाजवू लागला. १९७४ मध्ये हाच मुलगा पांढरा चुणीदार झगा आणि काळं नेलपॉलिश लावून हजारोंसमोर उभा राहिला. म्हणजे पहिले सूर सह्याद्रीत लागले होते!

आणि नटणं ही बायकांचीच मक्तेदारी, हे आपल्याकडे कधी होतं? १९११ च्या ‘संगीत मानापमान’मधली भामिनी कोणी केली? नारायण श्रीपाद राजहंसांनी, म्हणजे आपल्या बालगंधर्वांनी. त्यांचा शालू आणि गजरा पाहून चांगल्या घरच्या बायका तसं नेसायला, माळायला शिकल्या. त्यांना कोणी ‘थेरं’ म्हटलं नाही. १९६४ साली पद्मभूषण दिलं.

आमच्या सातपुड्यात तर विचारूच नका. काठीची राजवाडी होळी १२४६ सालापासूनची सांगतात. पहाटे होळी पेटते तेव्हा बावा आणि बुध्या झालेले पुरुष नाचतात. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरं, सगळ्या अंगावर पांढरे ठिपके. अर्थात, तो नवस असतो, त्यासाठी कडक पथ्यं पाळावी लागतात. त्याला नुसती गंमत म्हणणं चूक होईल. पण नटलेल्या बापाकडे बघताना इथल्या पोरांच्या डोळ्यांत लाज नसते, अभिमान असतो, एवढं मी दरवर्षी बघते.

तेव्हा भगिनी, बाजू कोणाचीच घेऊ नका. रात्री जेवणं आटोपल्यावर यजमानांना बालगंधर्वांची आठवण करून द्या. वाद न घालता, सहज. मग मुलाला त्यांच्यासमोर गाणं म्हणायला सांगा. लेकाची मेहनत दिसली की बापाचा आवाज खाली येतो. आणि मुलालाही सांगा, चमकी गाण्यासाठी आहे, चमकीसाठी गाणं नव्हे. तालीम चुकवायची नाही.

आता थोडं आपल्या खात्यातलं. स्टेशनरीच्या दुकानातली, कागदकामाची चमकी चेहऱ्याला मुळीच लावू नका. तिचा कण डोळ्यात गेला तर बुबुळाला ओरखडा पडतो. चेहऱ्यासाठीचीच आणा, आणि आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. खाज सुटली तर बेत रद्द. लावताना गालावर किंचित व्हॅसलीन चोळून बोटानं टिपत लावावी, पापणीच्या कडेला नको. एकच काजळकांडी पाचजणांत फिरवू नये, डोळे येतात. काढताना खोबरेल तेलाचा कापूस हलक्या हातानं फिरवावा, मग साबणानं तोंड धुवावं. उंच टाचांचे बूट घालणार असेल, तर चार दिवस घरात घालून चालू द्या, नाहीतर पाय मुरगळायचा.

गॅदरिंगला दोघांनीही जा, पुढच्या रांगेत बसा. आणि कसं झालं ते मला नक्की कळवा.