मनमिळाऊ नव्हते ते

दहाव्याच्या दिवशी इंद्रायणीच्या घाटावर प्रवचन संपलं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. सात जण बोलले. पाच जणांनी माझ्या आजोबांना मनमिळाऊ म्हटलं, चौघांनी शांत आणि संयमी. एकाने तर नाव विसरून शेजारच्याला विचारून घेतलं. निदान त्याने चौकशी तरी केली.

आजोबा मनमिळाऊ नव्हते. वडिवळ्यात कुणालाही विचारा. सख्ख्या भावाशी ते एकोणीस वर्षं बोलले नाहीत. कारण होतं खाचराचा एक बांध, जो दर पावसाळ्यात बोटभर सरकायचा. (बांध खरंच सरकला होता. दोन्ही बाजूंनी.)

पुणे जिल्ह्यात दहाव्याचं भाषण हा आता ठरलेला साचा झालाय: तीन विशेषणं, 'कधीही भरून न येणारी पोकळी', ओम शांती. निवडणूक जवळ आली की वक्ते वाढतात. पुढाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांना एका सकाळी तीन घाट गाठायचे असतात. राग आहे तो आमच्यावर, ज्यांना हा माणूस माहीत होता आणि तरी माना डोलावल्या. मी तर पुढची पायरी गाठली. त्याच संध्याकाळी आजोबांच्या भेगाळलेल्या टाचांचा फोटो टाकून 'मातीशी नाळ जोडलेला माणूस' असं काहीतरी लिहिलं. भरपूर बदाम मिळाले. त्यापेक्षा घाटावरची भाषणं परवडली.

ही सवय जुनीच. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीत जे शेतकरी आपल्या जमिनींसाठी उभे राहिले, ते आपल्या आठवणीत 'मावळे' म्हणून एकगठ्ठा उरले. नाव लक्षात राहिलं ते सेनापती बापटांचं.

घाटावर सांगण्यासारखं नव्हतं का काही? होतं की. पुण्यातल्या दुकानांत 'पारंपरिक' म्हणून विकला जाणारा इंद्रायणी तांदूळ माझ्यापेक्षा फक्त दहा वर्षांनी मोठा आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो काढला, १९८७ साली. नवं बी आलं तेव्हा आजोबांनी ते एकाच खाचरात लावलं, शेजारच्या खाचरात जुना आंबेमोहर ठेवला, आणि दोन वर्षं दोन्हींचं माप वेगळं ठेवलं. आमच्या कंपनीत याला ए-बी टेस्टिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळी टीम असते.

पुढे चारसूत्री लागवड आली. दोरी धरून १५ आणि २५ सेंटीमीटरच्या अंतराने रोपं लावायची, मग चार चुडांच्या मधे युरिया-डीएपीची गोळी हाताने चिखलात खोचायची. आजोबांनी हौसेनं केलं. पीक चांगलं आलं. दुसऱ्या वर्षी आजी म्हणाली, "दोरी तुम्ही धरायची आन् कंबर आमची मोडायची." त्यावर ते आठवडाभर धुमसले आणि दोरी गुंडाळून माळ्यावर टाकली. 'मातीत राबलेला माणूस' लिहिताना मला हे आठवलं नाही. मातीत त्या दिवसांत जास्त वेळ वाकलेली होती ती आजी, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं.

हे सगळं मी कुढत बसलो असतो आणि विसरलोही असतो. पण तेराव्याला जेवणं उरकल्यावर जमिनीचा विषय निघाला. धरणाच्या पाण्याकडे तोंड असलेला आमचा तुकडा एका मुंबईकराला फार्महाऊससाठी हवाय. चुलते म्हणाले, "दादांनी उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही." आणि घाटावर पाच जणांचं 'मनमिळाऊ' ऐकून आलेलं घर गप्प राहिलं.

नाही म्हणण्यात तर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ह्याच तुकड्यासाठी आलेल्या एजंटला त्यांनी माझ्यासमोर तीनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा चहासुद्धा न विचारता. ९ ऑगस्ट २०११ ला पवना बंद जलवाहिनीविरुद्ध बऊरला एक्स्प्रेसवेवर लोक जमले, तेव्हा ते नाणे मावळातून तिथे गेले होते, आपल्या खोऱ्याचा प्रश्न नसताना. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. आजोबा रात्री घरी आले आणि न जेवता झोपले. यातलं एक अक्षर सात भाषणांत नव्हतं.

जमीन विकूच नये असं माझं म्हणणं नाही. मी हिंजवडीत एसीत बसून कुणाला आवणी करायला सांगणार? पण विकायची तर आपल्या गरजेच्या नावावर विका, त्यांच्या स्वभावाच्या नावावर नको.

मी हे बोललो. चुलते म्हणाले, "मेलेल्या माणसाचं असलं काय काढायचं?"

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. 'शिकलेला नातू' म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. बांधापासून सुरुवात करणार आहे. चुलत आजोबा पहिल्या रांगेत असतील, त्यांना काही दुरुस्ती करायची असेल तर माइक देईन.