स्टीलचा विळा घरच्या भट्टीत करायचा का?

केळीचा चीक लागला की लोखंडी विळा काळा पडतो, हे आपल्याला काय नवं नाही. आमच्या भाच्यानं मोबाइलवर बघितलं आन ठरवलं, घरीच स्टीलचा विळा करायचा. मध्ये ट्रकच्या पाट्याचं पोलाद, दोन्ही बाजूंनी स्टीलची पट्टी. नशिराबादला हायवेच्या कडेला पाट्यांना काय तोटा! कोळसा पेटवला, टाकणखार टाकला, घण मारले. सांधा बसलेला दिसला. तिसऱ्या घडाला पदर सुटला आणि तुकडा मजुराच्या पायाशी पडला. बोटभर अंतरानं वाचला तो.

म्हणून लिहितोय. आपला लोहार साध्या लोखंडाला पोलाद चढवतो, ते तावावर. टाकणखारानं वरची खपली वितळते, घणानं बाहेर उडते आणि चोख लोखंडाला चोख लोखंड भिडतं. स्टीलमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. त्याची पातळ साय वर धरते म्हणून ताटाला गंज चढत नाही. पण भट्टीत हवा लागली की तीच साय जाड होते आणि टाकणखाराला दाद देत नाही. सांधा वरून बसल्यासारखा दिसतो, आतून मोकळाच राहतो.

जाणकार लोक पट्ट्या घासून चकचकीत करतात, एकावर एक ठेवून चारी कडा वेल्डिंगनं बंद करतात, मगच ताव देतात. आत हवाच जात नाही. काही जण फ्लोराइडची पूड वापरतात. तिचा धूर छातीला वाईट, घराच्या अंगणात ते नकोच.

आणि एवढं करून मिळवलं काय? धार तर मधल्या पोलादाचीच. ती चिकानं काळी पडणारच! जुन्या ताटाचीच धार काढू म्हणाल, तर १८-८ स्टील पाणी देऊन कडक होत नाही. माझं म्हणणं, घड कापायला लोहाराचा पोलादी विळाच बरा. संध्याकाळी पुसून तेलाचा हात फिरवायचा. फण्या उतरवायला स्टीलची तयार सुरी आणावी. लोहाराशी वीस रुपयांसाठी घासाघीस करतो आपण, आणि कोळशात पाचशे घालवतो, हे मला तरी पटत नाही.

भाचा काही ऐकायचा नाही. त्याला सांगितलंय, कडा आधी वेल्डिंगवाल्याकडून बंद करून घे, आणि पुढचा विळा पहिल्यांदा वाइसमध्ये धरून वाकवून बघ. मळ्यात नंतर आण.