परवान्याचे पैसे आणि चावी परक्याच्या हाती

बदलापूरच्या शिरगावसारख्या वाढत्या वस्तीत आज पतसंस्थेत जा, शाळेत जा, एखाद्या छोट्या कारखान्यात जा. आतल्या खोलीत एक सर्व्हर गुरगुरत असतो आणि बहुधा त्यावर विंडोज असते. त्या प्रणालीचा परवाना विकत घ्यावा लागतोच. शिवाय सर्व्हरशी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक वापरकर्त्यासाठी वा संगणकासाठी निराळा परवाना लागतो, हे किती संचालकांना ठाऊक असते? घर विकत घ्यावे आणि वर प्रत्येक पाहुण्यामागे उंबरठ्याचे भाडे भरावे, असा हा व्यवहार! हे भाडे जेथे परवडत नाही, तेथे चोरीची प्रत बिनदिक्कत चढवली जाते. ठेवीदारांचा हिशेब चोरीच्या मालावर ठेवणाऱ्यांनी भिंतीवर सचोटीची सुभाषिते तरी का टांगावीत?

पर्याय नाही म्हणावे, तर तसेही नाही. १९९१ साली जन्मलेली लिनक्स प्रणाली आज जगातील अव्वल पाचशे महासंगणकांवर चालते. डेबियनसारखी तिची आवृत्ती कोणीही उतरवून घ्यावी, हव्या तितक्या यंत्रांवर चढवावी. परवाना शुल्क शून्य. केरळमधील शाळांनी हेच केले. तेथील राज्यकर्त्यांशी आमचे वैचारिक भांडण जगजाहीर आहे. पण दोन लाखांहून अधिक शालेय संगणक मुक्त प्रणालीवर आणून त्यांनी जे साधले, ते महाराष्ट्राला का साधू नये?

मात्र प्रश्न केवळ पैशांचा नव्हे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातेतील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध लादले, आणि मायक्रोसॉफ्टने त्या कंपनीच्या सेवा थांबवल्या. परवान्याचे पैसे पूर्ण भरलेले असताना भारतीय भूमीवरील कंपनीचा पत्रव्यवहार परक्या सत्तेच्या निर्णयाने ठप्प व्हावा! कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागला, त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. त्या ई-मेलच्या सेवा होत्या, आतल्या खोलीतला सर्व्हर नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण तो सर्व्हरही झपाट्याने त्याच परक्या गोदामांत हलवला जात आहे. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला, तेव्हा या देशाने १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभारली आणि १९९१ मध्ये 'परम' घडवला. याच सी-डॅकने पुढे डेबियनच्या पायावर 'बॉस' ही भारतीय प्रणाली सिद्ध केली. तिची आठवण आपल्या किती संस्थांना आहे?

लिनक्स तरी कोठे स्वदेशी, असा चिमटा काढला जातो. नसेल, पण तिची संहिता उघडी आहे. ती वाचता येते, बदलता येते आणि दिलेली प्रत कोणाला परत मागता येत नाही. अर्थात 'फुकट'च्या नावाखाली डोळे मिटण्याचे कारण नाही. रेड हॅटने डिसेंबर २०२० मध्ये सेंटॉस ८ चा आधार २०२१ अखेर काढून घेण्याचे जाहीर केले, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्यांची धावपळ झाली. म्हणून एका कंपनीच्या मर्जीवर नव्हे, समाजाच्या बळावर चालणारी आवृत्ती निवडावी. ती सांभाळायला जाणता माणूस लागतो, त्याला वेतन द्यावे लागते. पण ते वेतन बदलापूर-अंबरनाथच्या तरुणाच्या घरात जाते. परवान्याचे पैसे मात्र सातासमुद्रापार जातात.

खरी अडचण निराळीच आहे. हिशेबाचे सॉफ्टवेअर विकणारा म्हणतो, "आमचे केवळ विंडोजवरच चालते", आणि संचालक मंडळ मान डोलावते. केंद्र शासनाच्या २०१५ च्या धोरणाने खरेदीत मुक्त प्रणालीला प्राधान्य दिले आणि ती डावलायची तर कारण द्यावे, असे सांगितले. पतसंस्थांना ते बंधनकारक नाही. पण विचारायला कोणाची बंदी आहे? सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. तेथे सभासदांनी उभे राहून विचारावे : गेल्या पाच वर्षांत परवान्यांवर किती रक्कम गेली, आणि पुढील निविदेत लिनक्सवर चालणारे सॉफ्टवेअर मागणार की नाही?